फोटो काढायचा, घ्यायचा की फेकायचा?

हवानातला माणूस फोटो 'फेकतो'. क्यूबाच्या बोलीत 'तिरार ऊना फोतो' असं म्हणतात आणि 'तिरार'चा सरळ अर्थ फेकणं. मेक्सिको सिटीतला माणूस तोच फोटो 'घेतो', माद्रिदचा 'करतो'. शिवाय 'साकार ऊना फोतो' म्हणणारेही स्पॅनिश मुलुखात जागोजागी भेटतात. 'साकार' म्हणजे आतली वस्तू बाहेर काढणं, तेव्हा ही मंडळी फोटो अगदी आपल्यासारखाच 'काढतात'. भाषा एक, कॅमेरा एक, क्रियापदं चार. आणि या चौघांनाही इंग्रजी शिकायचं असतं, जिथे फोटोचं रोजचं क्रियापद एकच: 'टेक'.

मेक्सिकन मुलाचं उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर येतं, कारण त्याचं घरचं 'तोमार' आणि इंग्रजीतलं 'टेक' दोन्ही घेणारेच. माद्रिदची मुलगी 'मेक अ फोटो' लिहिते आणि तिच्या वहीत लाल रेघ उमटते. यात तो हुशार आणि ती ढ असं काही नाही. दोघांनीही घरचं क्रियापद उचलून इंग्रजीत ठेवलं. एकाचं बसलं, दुसरीचं बसलं नाही.

सवयीने एकमेकांसोबत येणाऱ्या शब्दांच्या अशा जोडीला भाषाशास्त्रात 'कोलोकेशन' म्हणतात. हिची चूक विचित्र असते. व्याकरणाचा नियम मोडलेला नसतो, अर्थही पोहोचतो, तरी ऐकणाऱ्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडते. कुणी मराठीत 'आम्ही रात्रभर गप्पा केल्या' किंवा 'त्याने मला चिमटा केला' म्हटलं तर काय होईल? कळेल सगळं. पण गप्पा मारायच्या असतात आणि चिमटा काढायचा असतो, हे कुठल्या नियमानं सांगायचं? बोलणाऱ्याचं घर दूर आहे एवढं मात्र लगेच कळतं.

स्पॅनिश भाषकाला इंग्रजीची वाट तशी सोपी वाटायला हवी. ही सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा, आणि एकट्या अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरात ती बोलतात, म्हणजे इंग्रजी कानावर पडण्याचीही वाण नाही. वर लॅटिनचा वारसा. 'देसिसियोन' आणि 'डिसिजन', 'अतेन्सियोन' आणि 'अटेन्शन', 'एर्रोर' आणि 'एरर', 'पाउसा' आणि 'पॉज'. मराठी किंवा जपानी मुलाला जे शब्द घोकावे लागतात, त्यातले ढीगभर कराकसच्या मुलाला आयतेच मिळतात. गोम नेमकी इथे आहे. नाम ओळखीचं निघालं की ते आपलं घरचं क्रियापदही पाठोपाठ घेऊन येतं आणि ते पाहुणं आहे याचा बोलणाऱ्याला पत्ताच नसतो.

स्पॅनिशमध्ये चूक 'कोमेतेर' करतात, म्हणून विद्यार्थी 'कमिट अ मिस्टेक' म्हणतो. इंग्रजीत 'कमिट'ची ऊठबस गुन्हे, पाप आणि खून यांच्यात. किराण्याच्या यादीत जिरं लिहायचं राहिलं एवढीच चूक असली, तरी ऐकणाऱ्याला पोलीस चौकी आठवते. 'पेर्देर एल त्रेन' म्हणजे गाडी चुकणं, पण 'पेर्देर'चा पहिला अर्थ हरवणं, त्यामुळे 'आय लॉस्ट द ट्रेन', जणू अख्खी आगगाडी खिशातून पडली. 'गानार'चे अर्थ दोन, कमावणं आणि जिंकणं. त्यातला दुसरा अर्थ निवडला गेला की बँकेतला साधा कारकून दर महिन्याला पैसे 'विन' करतो. बोगोटाच्या कॅफेत गिऱ्हाईक कॉफी 'रेगालार' करायला सांगतं, शब्दशः भेट द्यायला. वेटरला ठाऊक असतं की हे फक्त बोलण्यातलं आर्जव आहे आणि बिल येणारच आहे. हेच वाक्य लंडनमध्ये जसंच्या तसं इंग्रजीत टाकलं तर तिथला वेटर गोंधळेल.

पण या सगळ्या घोळाचा म्होरक्या म्हणजे 'आसेर'.

लिहिताना त्याच्या सुरुवातीला एच असतो, बोलताना नसतो. स्पेनच्या बऱ्याचशा भागात उच्चार 'आथेर' होतो. मूळ लॅटिन 'फाकेरे'. लॅटिनच्या आरंभीचा 'फ' स्पॅनिशमध्ये अनेकदा आधी 'ह' झाला आणि मग उच्चारातून गेलाच. 'फारिना' म्हणजे पीठ, त्याचं झालं 'आरिना'. अर्थाच्या बाबतीत मात्र 'आसेर' म्हणजे शंभर टक्के आपलं 'करणं'. मुलगा अभ्यास करतो, आई पोळ्या करते, शेजारी गोंगाट करतात: मराठीला तिन्हीकडे एकच क्रियापद पुरतं आणि स्पॅनिशलाही. इंग्रजी मात्र या करण्याचे दोन तुकडे पाडते, 'डू' आणि 'मेक'. म्हणजे व्हॅलेन्सियाच्या वर्गात ज्या पानावर पोरं अडतात, त्याच पानावर साताऱ्याच्या वर्गातली पोरंही अडतात.

पाठ्यपुस्तकं यावर एक नियम देतात. काम किंवा कृती असेल तर 'डू', हातून नवी वस्तू तयार होत असेल तर 'मेक'. गृहपाठ, व्यायाम, धुणंभांडी 'डू'. केक, खुर्ची, सदरा 'मेक'. नियम चांगला आहे आणि पहिल्या आठवड्यापुरता टिकतो. मग सकाळी उठून अंथरूण आवरायचं असतं आणि ते 'मेक द बेड' निघतं. सुतार न होता पलंग रोज नव्याने बनवायचा. एखाद्यावर उपकार 'डू' करायचे, पण वचन 'मेक' करायचं. नुकसान 'डू', आवाज 'मेक'. काम 'डू', त्या कामासाठी घेतलेले कष्ट 'मेक अॅन एफर्ट'. विद्यार्थी शेवटी वैतागून हात वर करतो आणि शिक्षिकेला विचारतो, 'कॅन आय मेक अ क्वेश्चन?' कारण स्पॅनिशमध्ये प्रश्नही 'आसेर'च करतात. शिक्षिका सांगते, इथे ना 'मेक' ना 'डू', इथे 'आस्क'. स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने हे वाक्य ऐकलेलं नाही असं होणं अवघड.

पार्टीचंही तसंच. 'आसेर ऊना फिएस्ता' म्हणजे पार्टी करणं, आपल्यासारखंच. इंग्रजीत पार्टी 'हॅव' करतात, नाहीतर 'थ्रो' करतात. क्यूबन माणसाने फोटो फेकला की इंग्रज हसतो, पण स्वतः पार्टी फेकतो.

गंमत म्हणजे 'डू' आणि 'आसेर' हे दूरचे चुलतभाऊ आहेत. भाषांचा इतिहास उलगडणाऱ्यांनी दोघांची मुळं एकाच प्राचीन धातूपर्यंत नेली आहेत, आणि तोच धातू संस्कृतात 'धा' म्हणून उभा आहे, ज्यापासून 'विधी', 'विधान', 'निधी' आले. विद्यार्थ्याला परीक्षेत या नात्याचा कवडीचाही उपयोग नाही. पण हजारो वर्षांत नात्यातले शब्दसुद्धा वेगवेगळ्या संगतीला कसे लागतात, ते यातून दिसतं.

दुसरं दांडगं क्रियापद 'तेनेर', म्हणजे जवळ असणं. स्पॅनिश माणसाजवळ भूक असते, तहान असते, घाई असते, नशीब असतं, वयाची वर्षं असतात आणि वादात त्याचं खरं असेल तर 'रासोन' असतं. इंग्रजी या सगळ्यासाठी 'असणं' वापरते: भुकेला आहे, घाईत आहे, वीस वर्षांचा आहे, बरोबर आहे. म्हणून नवा विद्यार्थी 'आय हॅव ट्वेंटी इयर्स' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, शिक्षा भोगायची बाकी आहे. मराठीची तऱ्हा या दोघींहून निराळी. आपल्याला भूक 'लागते', म्हणजे ती बाहेरून येऊन चिकटते. लक्षाची गोष्ट घ्या: इंग्रज ते 'पे' करतो, स्पॅनिश माणूस 'प्रेस्तार' करतो म्हणजे उसनं देतो, मराठी माणूस नुसतं देतो. यावरून कोण व्यवहारी आणि कोण दिलदार अशी राष्ट्रीय स्वभावाची अनुमानं काढायचा मोह अनेकांना होतो. त्यात अर्थ नाही. 'पे' म्हणताना कुठल्याही इंग्रजाच्या डोळ्यांपुढे पाकीट येत नाही.

हाच मुद्दा डेन्मार्कच्या ऑटो येस्पर्सन यांनी वेगळ्या अंगाने मांडला होता. इंग्रजी व्याकरणावरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा सहावा भाग 1942 साली निघाला. 'हॅव अ लुक', 'टेक अ वॉक' यांसारख्या प्रयोगांतल्या क्रियापदाला त्यांनी 'लाइट' म्हटलं, म्हणजे हलकं. अर्थाचा भार नाम उचलतं, क्रियापद फक्त वाक्याला काळ आणि पुरुष पुरवतं. स्पॅनिशकडेही हलक्या क्रियापदांचा ताफा आहे. फेरफटका 'दार' करायचा, म्हणजे द्यायचा. दुपारची झोप 'एचार' करायची, म्हणजे टाकायची. 'एचार ऊन विस्तासो' तर शब्दाला शब्द आपलं 'नजर टाकणं'. आणि मराठीतलं 'मारणं' पाहा: हाक मारतो, मिठी मारतो, फेरी मारतो, थाप मारतो, बुडीही मारतो, आणि या कशातही कुणाला लागत नाही.

हलकं क्रियापद सुटतं ते याच कारणाने. ऐकताना किंवा वाचताना त्याच्याकडे पाहावं लागत नाही. 'पे अटेन्शन' कानावर पडलं की स्पॅनिश विद्यार्थी 'अटेन्शन' पकडतो, अर्थ लागतो, गाडी पुढे जाते. 'पे' डोक्यात नोंदलाच जात नाही. हजार वेळा ऐकूनही तोंडातून निघताना 'लेंड' निघतं. बाटिया लाउफर आणि टीना वाल्डमन यांनी हिब्रू भाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांतल्या क्रियापद–नाम जोड्या तपासल्या आणि 2011 साली निष्कर्ष छापले. नवशिके, मधले आणि पुढे गेलेले, तिन्ही पायऱ्यांवरचे विद्यार्थी इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांपेक्षा अशा जोड्या कमी वापरत होते, आणि मातृभाषेतून आलेल्या चुका वरच्या पायरीवरही सुटलेल्या नव्हत्या. जर्मन विद्यार्थ्यांच्या निबंधांवर काम करणाऱ्या नादिया नेसेलहाउफ यांनाही या चुकांत मातृभाषेचा हात आधी धरला जायचा त्याहून बराच मोठा दिसला. हिब्रू, जर्मन आणि स्पॅनिश एकमेकींपासून कितीही दूर असल्या, तरी रोग एकच.

आणि हा रोग पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो इंग्लंडमध्ये नव्हे, टोकियोत. हॅरल्ड पामर 1922 मध्ये जपानला गेले, तिथल्या सरकारचे इंग्रजी शिक्षणाचे सल्लागार म्हणून. जपानी मुलांना व्याकरण येत होतं, शब्द येत होते, पण ते जोडायचे कसे हे येत नव्हतं. पामर यांनी अशा ठराविक जोड्या हजारोंनी गोळा केल्या आणि 1933 साली त्यांचा अहवाल टोकियोत छापला. त्यांच्यासोबत काम करणारे ए. एस. हॉर्नबी यांनी हे सूत्र शब्दकोशात आणलं. तो कोश 1942 मध्ये, ऐन युद्धात, टोकियोतच निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने नव्या नावाने काढला. महाराष्ट्रातल्या असंख्य कपाटांत आज असलेला ऑक्सफर्डचा जाडजूड 'लर्नर्स डिक्शनरी' तो हाच, जपानी मुलांच्या अडचणीतून जन्मलेला. इंग्रजांना स्वतःला त्याची गरज नव्हती, कारण स्वतःची सवय स्वतःला दिसत नाही.

'कोलोकेशन' या शब्दाला भाषाशास्त्रात मानाची जागा देणारे जे. आर. फर्थही त्याआधी आपल्या बाजूला राहून गेलेले. 1919 ते 1928 ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून कळतो, हा त्यांचा सिद्धान्त 1950च्या दशकातला. पुढे संगणक आले आणि संगत मोजता येऊ लागली. एखाद्या शब्दाच्या डाव्या-उजव्या चार-पाच शब्दांत कोण किती वेळा येतं, आणि ते निव्वळ योगायोगाने आलं असतं त्याहून किती जास्त, एवढंच पाहायचं. बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने 1987 साली संगणकात साठवलेल्या मजकुरांवर उभारलेला कोश काढला. दहा कोटी शब्दांचा 'ब्रिटिश नॅशनल कॉर्पस' 1994 मध्ये पुरा झाला. जी गोष्ट पामर चिठ्ठ्यांवर टिपत होते, ती आता कळ दाबताच समोर येते.

या सगळ्या कामातून विद्यार्थ्याच्या हाती काय लागलं? एक साधी, पण वर्गात अजून पुरती न रुजलेली गोष्ट: जोडीत मालक नाम असतं. बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते नामात असतं, आणि कोणतं क्रियापद घ्यायचं ते नाम ठरवतं. त्यामुळे 'मेक'खाली चाळीस नामं आणि 'डू'खाली तीस नामं अशा ज्या याद्या भिंतीवर लावतात, त्या उलट्या बाजूने केलेल्या असतात. बोलायच्या क्षणी कुणाच्या मनात आधी 'मेक' येत नाही. आधी 'मिस्टेक' येतं, आणि मग जीभ क्रियापद शोधत घरी जाते. 2002 साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या कोलोकेशन कोशात म्हणूनच नाम उघडायचं आणि त्याखाली त्याची क्रियापदं बघायची अशी रचना आहे. मायकेल लुईस यांनी 1993 मध्ये सुटे शब्द सोडून शब्दांचे गठ्ठे शिकवा असा आग्रह धरला, त्यामागचं कारणही हेच.

वही कशी ठेवावी, हे यावरून आपोआप ठरतं. पान उघडल्यावर डावीकडे इंग्रजी नाम, समजा 'ब्रेक'. त्याच्यापुढे स्पॅनिश अर्थ लिहायचा नाही, क्रियापद लिहायचं: 'टेक'. त्याखाली कुठेतरी खरोखर ऐकलेलं एक पूर्ण वाक्य, 'लेट्स टेक अ ब्रेक'. उजव्या कडेला, वेगळ्या शाईने, घरचं क्रियापद: 'आसेर ऊना पाउसा'. ही शेवटची नोंद बऱ्याच शिक्षकांना आवडत नाही, कारण त्यांना वर्गात मातृभाषा नको असते. पण चूक येते तीच त्या दारातून, तर दारावर खूण केलेली बरी. आणि जिथे दोन्ही भाषांची क्रियापदं जुळतात, तिथे वेळ घालवायचाच नाही. 'तोमार ऊना देसिसियोन'वरून 'टेक अ डिसिजन' झालं तर होऊ द्यावं. अमेरिकन 'मेक' म्हणेल, ब्रिटिशांना 'टेक'ही चालतं. इंग्रजांचंही आपसात सगळं जमतं असं नाही. आंघोळ ब्रिटनमध्ये 'हॅव', अमेरिकेत 'टेक'.

परीक्षेचं प्रकरण तर खास आहे. माद्रिदचा विद्यार्थी परीक्षा 'करतो', मेक्सिकोचा 'सादर करतो' आणि चिलीचा 'दार' करतो, म्हणजे देतो. पुण्याचा विद्यार्थीही देतोच. मराठी 'देणं' आणि स्पॅनिश 'दार' यांचं मूळही एक, संस्कृत 'दा' आणि लॅटिन 'दारे' यांच्या मागचं. इंग्रजीत नेमकं उलटं: परीक्षा विद्यार्थी 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' करतो. 'आय गेव्ह माय एक्झाम' हे आपल्याकडे इतकं रुळलं आहे की सांगितल्याशिवाय ती परकी जोडी वाटत नाही. सांतियागोचा मुलगा आणि पुण्याची मुलगी एकाच वर्गात बसली, तर लंडनच्या शिक्षकाला वाटेल की या दोघांनी परीक्षा घेतली.

मग अशी जोडी चूक कधीपर्यंत आणि भाषा कधीपासून? मायामीत याचं उत्तर डोळ्यांदेखत घडतं आहे. 1959च्या क्यूबन क्रांतीनंतर तिथे क्यूबन कुटुंबं लोंढ्याने आली. आज मायामी-डेड काउंटीत दोन तृतीयांशाहून जास्त लोक स्पॅनिश मुलुखांशी नातं सांगणारे आहेत. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीचे फिलिप कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या इंग्रजीचा अभ्यास केला. स्पॅनिश वाक्यं देऊन ती इंग्रजीत सांगायला लावली, आधी स्थलांतरितांना आणि मग तिथेच जन्मलेल्या पिढीला. नंतर अशी वाक्यं मायामीकरांना आणि बाहेरच्यांना ऐकवून ती कानाला कशी वाटतात ते विचारलं. 'आसेर ऊना फिएस्ता'वरून 'मेक अ पार्टी', 'कासार्से कोन'वरून 'मॅरी विथ', 'बाहार देल कार्रो'वरून 'गेट डाउन फ्रॉम द कार', असे प्रयोग शहरात फिरताना सापडले. बाहेरच्यांपेक्षा मायामीकरांना ते अधिक स्वाभाविक वाटले. हे बोलणाऱ्यांतल्या अनेकांची पहिली भाषा इंग्रजीच आहे, आणि काहींना स्पॅनिश जेमतेम येतं.

पण सगळीच क्रियापदं तिथे टिकली नाहीत. गाडीतून 'गेट डाउन' होणं आईबापांकडून मुलांकडे आलं. 'थ्रो अ फोटो' मात्र स्थलांतरितांच्या तोंडीच सापडलं. त्यांची मायामीत जन्मलेली मुलं फोटो 'टेक' करतात.